पुठ्ठ्याची किल्ली

सोनकांबळे मॅडम दिसायच्या आधी ऐकू यायच्या. नांदेडच्या कोर्टासमोर चहाच्या टपरीवर आम्ही ज्युनिअर वकील सकाळी आपापल्या सिनिअरच्या नावानं बोटं मोडत उभे असायचो आणि लांबून तो आवाज यायचा. आधी घसा बसलेल्या माणसानं खाकरल्यासारखा, मग गिअर पडला की भरदार. टपरीवाला कुणी न सांगता बिनसाखरेचा चहा वेगळा चढवायचा. भिंतीला टेकून बसलेल्या पक्षकार बाया पदर नीट करायच्या. आणि मग ती निळी, बुटकी, लांब नाकाची गाडी फाटकातून आत शिरायची. बाहेरून बघणाऱ्याला स्टिअरिंगच्या वर फक्त एक चष्मा आणि एक कपाळ दिसायचं, कारण मॅडमची उंची बेताची होती आणि सीटवर उशी ठेवूनही ती फारशी वाढत नव्हती.

दार उघडलं की आधी कॅनव्हासचे बूट बाहेर यायचे. त्यावर काळ्या काठाची पांढरी साडी, आणि सगळ्यात शेवटी ॲडव्होकेट कौसल्या सोनकांबळे. काळा कोट मागच्या खिडकीतल्या हुकाला टांगलेला असायचा. तो अंगात घालता घालता त्या दिवसाचं पहिलं वाक्य बोलायच्या आणि ते बहुतेक वेळा कुणाला तरी लागायचं.

गाडीचं नाव मी सांगत नाही. सांगितलं की आपल्याकडं लोक आधी ॲव्हरेज विचारतात. दारं चार, पण जात शर्यतीच्या गाडीची. कंपनीनं ते मॉडेल कधीच बंद केलं होतं आणि त्याच नावाचं नवं काढलं होतं. निळ्या रंगावरून बार रूममध्ये हमखास कुणीतरी खवचटपणे विचारायचा, "मुद्दाम निळी घेतली का हो मॅडम?" त्या शांतपणे सांगायच्या, "ज्याच्याकडनं घेतली त्या लातूरच्या डॉक्टरनं निळी ठेवली होती. त्याला जाऊन विचारा. तो तर लिंगायत हाय."

मी त्यांच्याकडं ज्युनिअर म्हणून लागलो ती गोष्टही सांगून टाकतो. मी लातूरचा, वडील संस्कृतचे शिक्षक. कुणाच्या ऑफिसात जायचंय हे कळल्यावर आमच्या शिकलेल्या, सुसंस्कृत घरातून पहिला प्रश्न आला तो, "त्यांच्याकडं जेवायला थांबावं लागतं का?" मी हे मॅडमना कधी बोललो नाही. बोलायची गरज नव्हती. पहिल्याच दुपारी त्यांनी डबा उघडला आणि माझ्यापुढं सरकवून म्हणाल्या, "पंडित, घरी कळवून टाक. ज्वारीची भाकर हाय, ठेचा हाय. बाटायला दुसरं काहीबी न्हाई." तेव्हापासून माझं नाव पंडित पडलं. खरं नाव त्यांच्या लक्षात होतं की नाही कोण जाणे.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. साक्षीला आलेल्या प्रत्येक बाईला त्या ते ऐकवायच्या. "भ्यायचं तर घरून भिऊन यायचं. कोर्टात भ्यायला जागा न्हाई." ऐकणाऱ्याला वाटावं, बाई निडर आहेत. निडर वगैरे काही नव्हत्या. त्यांना भीतीची चांगली ओळख होती आणि ती कुठं झाली हे त्यांनी मला एकदा कंधारच्या रस्त्यावर, समोरच्या ट्रकवरची नजर न काढता, सांगितलं होतं.

वकिली नवी होती, गाडी नव्हती तेव्हाची गोष्ट. मुखेडला एका मारहाणीच्या केसमध्ये फिर्यादीच्या बाजूनं त्या उभ्या होत्या. तारीख आटोपून संध्याकाळच्या एस.टी.त बसल्या. मागोमाग आरोपीचे नातेवाईक चढले. एस.टी. ती एकच, जाणार ते कसे? कुणी काही बोललं नाही, कुणी धक्का दिला नाही. कंडक्टर जवळ आला तेव्हा मॅडमनी पर्स उघडली, तर तो म्हणाला, "तुमचं तिकीट निघालंय बाई." मागं वळून बघितलं तर त्यांच्यातला एक म्हातारा हात जोडून हसत होता. "आमच्या गावच्या पाव्हण्या तुम्ही. नांदेडला गणेशनगरच्या कोपऱ्यावर उतरताव न्हवं?" मॅडम जिथं राहायच्या ती गल्ली ती.

"बास," मॅडम म्हणाल्या, "एवढंच. हात लावला न्हाई, शिवी दिली न्हाई. कोपऱ्यावर माझ्यासंगं उतरले, चहा पिले, आन् परतीच्या गाडीनं गेले. त्या दिवशी मला कळलं, पंडित. कायदा माझ्या बाजूनं आसंल, पण एस.टी. त्यांच्याबी बाजूनं हाय."

त्यानंतर त्यांनी गाडीच घेतली. साधी, घरगुती, पांढरपेशी गाडी घेतली असती तर कुणी लक्षात ठेवलं नसतं. पण लातूरला एका सर्जनची ही निळी गाडी विकायची होती. डॉक्टरांच्या मुलानं पुण्याहून सायलेन्सरच्या जागी कसलंसं जाड नळकांडं बसवून आणलं होतं आणि त्या आवाजानं डॉक्टरांचे पेशंट दचकायचे. मॅडम बघायला गेल्या तेव्हा डॉक्टरांच्या बायकोनं प्रेमानं समजावलं, "ताई, ही बायकांची गाडी नाही हो." मॅडम म्हणाल्या, "माझं कामबी बायकांचं न्हाई म्हणतेत." आणि त्याच दिवशी गाडी स्वतः चालवत नांदेडला आल्या. पुढं आमचा मेकॅनिक रज्जाकभाई दर सर्व्हिसिंगला विचारायचा, "मॅडम, आवाज थोडा कम कर दूँ? पोलिसवाले टोकते." त्याला उत्तर ठरलेलं. "राहू दे रज्जाकभाई. पैसे आवाजाचेच दिलेत मी."

मला आधी वाटायचं, हा शौक आहे. मुखेड, कंधार, देगलूरच्या तारखांना त्यांच्याबरोबर जायला लागलो तेव्हा समजलं. तालुक्याच्या कोर्टात साक्षीदार बसतात त्याच व्हरांड्यात आरोपीची माणसंही बसतात. पंख्याखालचं एकच बाक. तिथं दोन तास शेजारी बसलं की साक्ष आपोआप पातळ होते. म्हणून मॅडमनी त्यांची पद्धत बसवली होती. साक्षीदारानं कोर्टाच्या आवारात पाय ठेवायचा नाही. मुखेडला कोर्टामागच्या बोळात मारोतीचं हॉटेल होतं, त्याच्या आतल्या बाकावर बसायचं. फोन घरी ठेवून यायचं, कारण धमक्या फोनवरूनच येतात. आणि गाडीचा आवाज आला की उठायचं, बोळातून बाहेर यायचं, मॅडमच्या बरोबरीनं फाटकातून आत शिरायचं. "माझी गाडी वाजंपर्यंत कलेक्टर आला तरी उठायचं न्हाई," असं त्या बायांना बजावायच्या. बायाही शहाण्या. उठायच्या नाहीत. गाडी वाजली की मात्र बोळाच्या तोंडाशी एक लुगडं दिसायचं, मागं एखादी लेक. मॅडम गाडीपाशी उभ्या राहून वाट बघायच्या. हातात हात वगैरे घ्यायच्या नाहीत, नुसतं म्हणायच्या, "जेवलीस का? चल."

हे सगळं मला दिसत होतं. राहुलला दिसत नव्हतं, कारण तो पुण्याला होता.

राहुल म्हणजे मॅडमचा एकुलता एक मुलगा. मॅडमचे यजमान बँकेत होते, ते लवकर गेले. राहुल शिकला, मोठ्या कंपनीत लागला. तो वाईट मुलगा नाही. वाईट असता तर बरं झालं असतं, चार शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. तो आईला रोज फोन करायचा, गोळ्या घेतल्या का विचारायचा, आणि शेवटी एकच रडगाणं लावायचा. "आई, ती गाडी विक. एअरबॅग नाहीत धड. ह्या वयात तू खेड्यापाड्यांतून एकटी फिरतेस. उद्या काही झालं तर मी काय करू?" मॅडम म्हणायच्या, "तू रड. दुसरं काय करशील?" आणि फोन ठेवायच्या. मुलाशी असं बोलायला नको होतं, पण त्या कुणाशीच गोड बोलत नसत, त्याच्याशी तरी का बोलतील?

त्याच सुमारास नांदेडला त्या गाडीचं नवं मॉडेल आलं. शोरूमचा पोरगा मॅडमना सारखा फोन करायचा. जुन्या मॉडेलची मालकीण म्हणजे त्याच्या दृष्टीनं पिकलेला आंबा. शेवटी एका रविवारी मॅडम मला घेऊन गेल्या आणि नवी गाडी बायपासवर चालवून बघितली. परतताना आम्ही रज्जाकभाईच्या गॅरेजवर थांबलो. तिथं उलट्या टायरवर बसून मॅडमनी जो निकाल दिला तो मला अजून शब्दन् शब्द आठवतो.

"खोटं कामून बोलू," त्या म्हणाल्या. "नवीला ताकद जास्त हाय. जुनीचा क्लच जात्यावानी जड, गुडघा बोलून राहिला माझा. नवीला क्लचच न्हाई. जुनीचं एसी मर्जीनं चालतंय, नवीत थंडी वाजली. खड्डा गेला कधी तेबी कळलं न्हाई."

"मग ले डालो," रज्जाकभाई म्हणाला.

"तेच सांगून राहिले की. खड्डा कळला न्हाई. जुनीत रस्ता कंबरेला कळतो, नवीत टीव्हीवर दिसतो. ताटाएवढा टीव्ही हाय समोर. पांढऱ्या पट्टीवर जरा चाक गेलं की टुंग टुंग करती. म्होरं म्हैस आली तर मी ब्रेक मारायच्या आधी गाडीनंच मारला. आरं, म्हशीच्या डोळ्यात बघून मला कळतंय ती थांबणार की जाणार. हिला कुठं कळतंय? हिचा माझ्यावर इश्वासच न्हाई."

मग आवाजाची गोष्ट निघाली. नव्या गाडीला आवाज जवळजवळ नव्हता. तो पोरगा कौतुकानं म्हणाला होता, "स्पोर्टी आवाज पाहिजे तर बटण आहे मॅडम. स्पीकरमधून येतो. आतल्या माणसाला अगदी इंजिन गरजल्यासारखं वाटतं." मॅडमनी विचारलं, "बाहेरच्याला?" तो म्हणाला, "बाहेर काहीच नाही मॅडम. एकदम सायलेंट." मॅडम म्हणाल्या, "म्हणजे मीच वाजवायचं न् मीच ऐकायचं." पोरगा खूप हसला. त्याला वाटलं, बाई विनोदी आहेत.

रात्रीच्या फोनवर राहुलनं विचारलं, नवी गाडी कशी वाटली. मॅडम एवढंच म्हणाल्या, "चांगलीय." दमल्या होत्या. म्हशीपासून सगळं पुन्हा कुणाला सांगत बसायचं? पण पोटच्या पोरानं त्या एका शब्दावर पुढचं सगळं रचलं.

मॅडमच्या साठीनिमित्त नागरी सत्कार ठरला. मॅडमना सत्काराचा तिटकारा. "जित्या माणसाला हार घालून गप करायची रीत हाय ही," असं त्या म्हणायच्या. पण राहुलनं हॉल घेतला होता, पत्रिका वाटल्या होत्या, बार असोसिएशनची माणसं सांगितली होती. सत्काराच्या आदल्या आठवड्यात तो आला आणि म्हणाला, "आई, कार्यक्रमाला गाडी चकाचक पाहिजे. सर्व्हिसिंगला टाकतो." मॅडमनी किल्ली दिली. रज्जाकभाईकडं टाकशील ना, एवढं विचारलं. तो हो म्हणाला.

कार्यक्रम झकास झाला. आधी बुद्धवंदना, मग भाषणं. ज्यांनी मॅडमना पहिली कित्येक वर्षं बार रूममध्ये बसा म्हटलं नव्हतं ते सगळे त्यांच्या संघर्षाबद्दल गहिवरून बोलले. एकानं तर रुमाल काढला. मला त्याच्या रुमालाची कीव आली. मग निवेदकानं आवाज चढवला. "आणि आता एका लेकाची आपल्या माऊलीला अनोखी भेट!" पडद्यावर व्हिडिओ सुरू झाला. हॉलच्या दारात सॅटिनच्या कापडाखाली झाकलेली गाडी, वर मोठा लाल बो. कापड ओढलं गेलं. पांढरी शुभ्र, नवीकोरी, त्याच नावाची. शोरूमच्या माणसांनी स्टेजवर एक पुठ्ठ्याची किल्ली आणली, चांगली पुरुषभर उंचीची, चंदेरी कागद लावलेली. नवी गाडी घेतली की आजकाल ही किल्ली हातात देऊन फोटो काढतात. मॅडम त्या किल्लीच्या मागं जवळजवळ झाकून गेल्या.

त्यांनी माईक ओढून घेतला. वाटलं, आभार मानतील. त्या म्हणाल्या, "जुनी कुठंय?"

निवेदक तयारीचा होता. "मॅडम, जुनं ते सोनं, पण नवं ते हिरा!" त्यानं टाळ्या मिळवल्या. त्या टाळ्यांत राहुल आईच्या कानाशी वाकून म्हणाला, "एक्स्चेंजमध्ये दिली गं. चांगली किंमत आली. हैदराबादची पार्टी होती." मी स्टेजच्या पायरीवर होतो, मला ऐकू आलं. मॅडमनी त्याच्याकडं बघितलं. चारशे माणसं, पोराचे ओले डोळे, समोर फोटोग्राफर. घरी असत्या तर थोबाडीत दिली असती. स्टेजवर मुलाच्या प्रेमाला नाही कसं म्हणायचं? माणसाचा विरोध मोडायचा असेल तर त्याचा सत्कार करावा, हे मी त्या दिवशी शिकलो. मॅडमनी किल्ली धरली आणि फोटोग्राफर म्हणाला तशा हसल्या. तो फोटो दुसऱ्या दिवशी जिल्हाभर फोनवर फिरला.

रज्जाकभाईनं आठवडाभरात हैदराबादचा पत्ता काढला. मॅडम त्याच्या गॅरेजवर उभ्याच होत्या. तो खाली मान घालून बोलला, "मॅडम, वो तो खोल डाले. इंजन अलग, दरवाजे अलग. सायलेन्सर कोई लौंडा ले गया." मॅडमनी रज्जाकभाईच्या खांद्यावर हात ठेवला. त्याचं सांत्वन करून त्या घरी गेल्या.

पांढरी गाडी त्यांनी थोडे दिवस चालवली. तेव्हा आणखी एक कळलं. गाडी कुठं आहे, किती जोरात चालली आहे, हे राहुलला पुण्यात त्याच्या फोनवर दिसायचं. कंधारच्या घाटात आम्ही वर चढत असताना समोरच्या टीव्हीवर त्याचं नाव यायचं. "आई, ऐंशीच्या वर गेलीस." मॅडम म्हणायच्या, "न्यायाधीश झालास का रे?" मग एकदा गाडीनं आपल्या मनानं ब्रेक मारला, मागून मोटारसायकलवाला घासून गेला, आणि राहुलनं ड्रायव्हर ठेवला. बालाजी त्याचं नाव. गरीब पोरगा. मॅडमना मागच्या सीटवर बसावं लागलं. उशी त्यांनी स्वतःच घरी नेऊन ठेवली.

आणि मग मुखेडची तारीख आली, पांढरी गाडी आल्यापासूनची साक्षीची पहिलीच.

गयाबाईची साक्ष होती. तिच्या पोरानं नवी मोटारसायकल घेतली होती आणि गावच्या पारासमोरून जाताना कडेला बसलेल्या मोठ्या लोकांना हॉर्न वाजवला होता. तेवढ्यावरून त्याचा पाय मोडला. त्याला मागून मारलं, त्यानं तोंडं बघितली नाहीत. तोंडं बघितली ती गयाबाईनं, पाण्याची घागर घेऊन येताना. दुसरा साक्षीदार नाही. मॅडम सरकारी वकिलाच्या मदतीला उभ्या होत्या आणि अख्खी केस ह्या एका बाईच्या जिभेवर होती. सत्काराच्या आधीच मॅडम तिला भेटून सगळं सांगून आल्या होत्या. मारोतीचं हॉटेल. फोन घरी. गाडी वाजली की उठायचं.

आम्ही वेळेवर पोचलो. बालाजीनं गाडी फाटकापाशी हळूच उभी केली. शेजारी शेंगा विकणाऱ्या बाईनंसुद्धा मान वर केली नाही. मॅडम उतरल्या, कोट घातला आणि सवयीनं बोळाकडं तोंड करून उभ्या राहिल्या. मीही उभा राहिलो. पहिल्यांदा आम्हाला काहीच वाटलं नाही. गयाबाई हळू चालायची. मग मॅडमनी चष्मा काढून पुसला. पुन्हा घातला. आणि एकदम त्या गाडीकडं वळून बघायला लागल्या, जणू ती कोण आहे हेच त्यांना आता कळलं होतं. "पंडित, पळ," त्या म्हणाल्या.

हॉटेलात बाक रिकामं होतं. मारोतीनं सांगितलं ते असं. गयाबाई सकाळपासून बसली होती, चहासुद्धा घेतला नाही. आरोपीचा चुलता दोन माणसं घेऊन आला. ती उठली नाही. तो समोर बसला आणि गोडीत म्हणाला, "कुणाची वाट बघून राहिली गया? तुझी वकीलबाई रिटायर झाली. पोरानं गाडी घेऊन दिली, पुण्याला चालली ती. हे बघ." आणि फोनवर तो फोटो दाखवला. हार घातलेल्या मॅडम, हातात पुठ्ठ्याची किल्ली, हसणाऱ्या. गयाबाई म्हणाली, "गाडी वाजल्याबिगर मी उठणार न्हाई." तो म्हणाला, "इकली ती गाडी. वाजंल कुठून?" मग कोर्टाचा पुकारा व्हायची वेळ झाली. ती किती वेळ बसणार? त्यांनी तिला मागच्या फाटकानं आत नेलं.

मी परत धावत आलो तोवर मॅडम आत शिरल्या होत्या. मी त्यांना गाठून आम्ही कोर्टाच्या दारात पोचलो तेव्हा गयाबाई पिंजऱ्यात उभी होती आणि तिचं बोलणं संपत आलं होतं. ती शेतात होती. तिनं काही बघितलं नाही. कुणाचं नाव तिला माहीत नाही. सरकारी वकिलांनी हताश होऊन साक्षीदार फितूर झाल्याचं जाहीर केलं. त्याच वेळी गयाबाईची नजर दाराकडं गेली आणि तिला मॅडम दिसल्या. काळा कोट, पांढरी साडी, कॅनव्हासचे बूट. तिचं तोंड उघडंच राहिलं.

बाहेर व्हरांड्यात ती मॅडमच्या समोर आली. रडली नाही. नुसतं म्हणाली, "गाडी वाजली न्हाई वो, बाई."

परतीच्या वाटेवर मॅडमनी राहुलचं नावसुद्धा काढलं नाही, पुढंही कधी काढलं नाही. मी मात्र त्याला क्षमा करू शकलो नाही. आईची काळजी करायला हरकत नव्हती. पण ती कशावर उभी आहे हे न बघता पायाखालचं काढून घ्यायचं आणि वर तिच्याच हातात किल्ली देऊन फोटो काढायचा, ह्याला मी प्रेम म्हणायला तयार नाही. त्याला हे कळावं म्हणून मी एकदा फोनही केला. तो कळवळून म्हणाला, "पण नवी गाडी चांगलीय असं ती स्वतः म्हणाली होती हो."

निकालानंतर त्याच महिन्यात मॅडमना तो पुण्याला घेऊन गेला. आता त्या तिथंच असतात. बार रूममध्ये किल्लीचा फोटो फ्रेम करून लावला आहे, खाली 'प्रेरणास्थान' लिहिलंय. नवे ज्युनिअर मला विचारतात, कशा होत्या हो मॅडम? मला तो फोटो आठवत नाही. मला आठवतो तो निकालाचा दिवस.

निकाल काय लागणार हे सगळ्यांना माहीत होतं. पुराव्याअभावी निर्दोष. फाटकाबाहेर गुलाल तयारच होता. मॅडम बाहेर आल्या, बालाजीनं मागचं दार उघडलं. त्या पुढच्या दारापाशी गेल्या आणि हात पुढं केला.

"किल्ली."

"मॅडम, साहेबांनी सांगितलंय की..."

"किल्ली दे, बालाजी."

त्यानं दिली. मॅडम स्टिअरिंगवर बसल्या. उशी नव्हती, त्यामुळं काचेतून चष्म्याची वरची कडा तेवढी दिसत होती. मी त्यांचं दप्तर घेऊन फाटकात उभा होतो. मला बोलावलं नाही. गाडी आवाज न करता हलली आणि मग हॉर्न सुरू झाला. मॅडमनी तळहात ठेवला तो उचललाच नाही. गुलालातली माणसं दचकून बाजूला झाली. फाटकावरचा पोलीस ओरडला, "मॅडम, कोर्ट आहे, हॉर्न नाही!" गाडी त्याच्यासमोरून, पारासमोरून जाणाऱ्या त्या पोरासारखी, वाजत गेली आणि बोळाच्या तोंडाशी थांबली.

मी मागोमाग चालत गेलो. आतल्या टीव्हीवर राहुलचं नाव येत होतं, जात होतं, पुन्हा येत होतं. मारोती हात पुसत हॉटेलच्या बाहेर आला आणि काचेपाशी वाकला.

"मॅडम, आत कुणी न्हाई."

"म्हाईत हाय मला," मॅडम म्हणाल्या.

आणि बोळाकडं बघत हॉर्न वाजवत राहिल्या.